राखणीचे काम यंत्राकडे

खान्देशातल्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांआड येते, तेही कधी पहाटे, कधी रात्री जेवणे आटोपल्यावर. त्या वेळी घरात कोणीतरी जागे असावे लागते. नळ आले की आधी हौद भरायचा, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी भरायची, टाकी भरली की मोटार बंद करायची. मध्येच वीज गेली तर ती येईपर्यंत थांबायचे. उन्हाळ्यात त्यात कूलरची भर पडते. त्यातले पाणी संपले का ते पाहायचे आणि संपले असेल तर त्याचा पंप कोरडा चालू द्यायचा नाही. गच्चीवर बिबड्या, कुरडया किंवा मिरच्या वाळत घातल्या असतील तर आभाळाकडेही लक्ष ठेवायचे. यातले एकही काम अंगमेहनतीचे म्हणून मोजले जात नाही. पण प्रत्येक काम माणसाचे लक्ष अडकवून ठेवते, आणि बहुतेक घरांत ते लक्ष बाईचे असते. पोळ्या लाटताना तिचा कान मोटारीकडे असतो. दुपारी ती जरा आडवी होते, पण डोळा लागत नाही.

हे पुस्तक या राखणीविषयी आहे. तिचा बराचसा भाग यंत्राकडे देता येतो, तो थोड्या खर्चात देता येतो आणि आपल्याच हातांनी देता येतो, हे दाखवण्यासाठी ते लिहिले आहे. घर स्वयंचलित करणे म्हणजे श्रीमंती थाट, असा समज पसरला आहे. जाहिरातींत आवाज दिल्यावर पडदे सरकतात आणि दिवे रंग बदलतात. ज्यांना ते हवे त्यांनी जरूर घ्यावे. पण ज्या घरात पाणी आणि वीज दोन्हींची वाट पाहावी लागते, तिथे या विद्येची खरी गरज आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की यंत्र घरात आणायचे तर आधी घरातली अडचण नेमकी ओळखावी. मग यंत्र असे निवडावे की ते आपल्याला कळेल, गावात दुरुस्त होईल आणि शेजाऱ्याला त्रास देणार नाही.

पुस्तकातली उदाहरणे दोंडाईचा डोळ्यांसमोर ठेवून घेतली आहेत. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातले, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचे हे शहर मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. इथे स्टार्चचा कारखाना आहे, नगरपरिषद आहे, मोटारींचे वाइंडिंग करून देणारे कारागीर आहेत आणि भोवताली शेतीचा मुलूख आहे. मोठ्या शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेली पुस्तके काही गोष्टी गृहीत धरतात. वीज सहसा जात नाही, इंटरनेट तुटत नाही, पाण्याचा पंप सोसायटीचा माणूस पाहतो. छोट्या शहरात यातले काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून इथल्या परिस्थितीत जी मांडणी टिकेल, ती बाकी बहुतेक ठिकाणी टिकेल, असा माझा विश्वास आहे.

या विषयाचा इतिहास घरगुतीच आहे. १९६६ साली अमेरिकेत पिट्सबर्ग इथे वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या जिम सदरलँड या इंजिनिअरने ‘इको-फोर’ नावाचा संगणक स्वतःच्या घरात जोडला. घरातले तापमान सांभाळणे आणि किराण्याची यादी ठेवणे अशी कामे त्याच्याकडे होती. त्याचे वजन साडेतीनशे किलोंच्या घरात होते आणि तो विकण्यासाठी बनवलेलाही नव्हता. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने घरातल्या विजेच्या तारांवरूनच उपकरणांना संदेश पाठवण्याची ‘एक्स-टेन’ पद्धत काढली. तरीही पुढची कित्येक वर्षे हा हौशी आणि पैसेवाल्या लोकांचा प्रांत राहिला.

तो सगळ्यांसाठी खुला झाला तो तीन टप्प्यांत. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी ‘आर्दुइनो’ हा बोर्ड तयार झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही सेन्सर आणि मोटारी चालवता याव्यात, म्हणून तो बनवला होता, आणि त्याचा आराखडा सर्वांना मोफत दिला होता. २०१३ मध्ये पाउलस स्खाउटसेन यांनी ‘होम असिस्टंट’ या प्रणालीची सुरुवात केली. ती घरातल्याच छोट्या संगणकावर चालते आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एका जागी आणते. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी८२६६’ ही चिप आली. वायफायने बोलणारा बोर्ड तिच्यामुळे काहीशे रुपयांत मिळू लागला. गच्चीवरच्या टाकीतली पातळी खाली स्वयंपाकघरात दिसावी, एवढ्या कामाला हा बोर्ड पुरेसा आहे.

महाराष्ट्राने ही वाट आधीच ओळखली होती. पुण्याचे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले. त्यामागे घरातलाच अनुभव होता. आजोबांना पंप सुरू करण्यासाठी रात्री-अपरात्री लांब चालत जावे लागे, ते त्यांनी पाहिले होते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला पुरस्कार मिळाला. या उदाहरणातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी एका म्हाताऱ्या माणसाची पायपीट दिसली, मग तंत्र शोधले गेले.

दुसरे उदाहरण शिरूर तालुक्यातल्या पाबळचे. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले हाताने काम करता करता विज्ञान शिकतील आणि त्या कामाचा उपयोग गावाला होईल, ही त्यांची कल्पना होती. अमेरिकेतल्या एमआयटीने ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळांची कल्पना जगभर नेली, तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये याच पाबळला उभी राहिली. आणि खान्देशापुरते बोलायचे तर जळगावच्या जैन इरिगेशनमुळे ठिबक सिंचन इथल्या केळीच्या बागांत रुजले. ठरलेल्या वेळी ठरलेले पाणी आणि खत ठरलेल्या झाडाच्या मुळाशी द्यायचे, हे इथल्या शेतकऱ्याला परके नाही. शेतातली ही समज घरात आणणे एवढेच काम उरले आहे.

शेतानेच आपल्याला एक धडाही दिला आहे, आणि हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाने तो आधी समजून घ्यावा. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाण्यापेक्षा शेतकऱ्यांनी पंपांना ऑटोस्विच बसवले. वीज आली की पंप आपोआप सुरू. एका शेतकऱ्यापुरते पाहिले तर हा उत्तम उपाय आहे. पण मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्स्फॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की तो सगळा ताण एकदम येतो, ट्रान्स्फॉर्मर जळतो आणि गावाचे पाणी कित्येक दिवस अडते. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन करत आली आहे. दोष आपोआप सुरू होण्यात नव्हता. सगळ्यांनी एकाच वेळी सुरू होण्यात होता. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक पंपाच्या मांडणीत वीज आल्यानंतर दोन ते दहा मिनिटांचा विलंब ठेवला आहे, आणि तो दर वेळी वेगळा निघेल अशी सोय प्रोग्रॅममध्ये केली आहे. चार ओळींचे हे काम आहे. पण त्या चार ओळींत शेजाऱ्यांचा विचार आहे.

हाच विचार नळाच्या बाबतीत. नळाला पाणी आले की थेट नळावर मोटार लागावी, अशी मांडणी करणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे. ती या पुस्तकात मुद्दाम दिलेली नाही. थेट नळावर मोटार लावली की गल्लीच्या टोकाच्या घराचा दाब पडतो आणि तिथल्या बाईला पाण्यासाठी आणखी तासभर जागावे लागते. आपली राखण कमी करताना दुसऱ्याची वाढवायची नाही. नळाचे पाणी आपल्या दाबाने हौदात येऊ द्यावे, नळ आल्याची सूचना यंत्राने द्यावी, हौद पुरेसा भरला की मगच मोटारीने गच्चीवरची टाकी भरावी.

पाण्याचा भाग या पुस्तकात सर्वांत मोठा आहे, कारण घरातली सर्वांत मोठी राखण तीच आहे. त्यातला हिशेब साधा आहे. मिनिटाला पंचवीस लिटर पाणी चढवणारी मोटार टाकी भरल्यावर दहा मिनिटे चालू राहिली, तर अडीचशे लिटर पाणी गच्चीवरून वाहून जाते. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले जाते. त्या मापाने दोघांचे जवळजवळ दिवसभराचे पाणी दहा मिनिटांत जाते, वीज जाते ती वेगळीच. उलटी चूक त्याहून महाग पडते. हौद रिकामा झाला आणि मोटार चालूच राहिली, तर पाण्याअभावी तिचे सील तापून जळते.

यावरचे उपाय सोप्यापासून अवघडाकडे मांडले आहेत. पहिला उपाय फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन मोटार चालू-बंद करणारा तरंगता स्विच. त्यात चिप नाही, वायफाय नाही, तरी तो अनेक घरांचा प्रश्न संपवतो. जिथे तो पुरेसा आहे तिथे पुढे जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. पातळी आकड्यात पाहायची असेल तर वरून आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा सेन्सर वापरता येतो. तो अगदी जवळचे, वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतले अंतर मोजू शकत नाही आणि झाकणाखाली वाफ धरली की चुकीचे आकडे देतो. म्हणून तो कुठे आणि किती उंचीवर बसवायचा हे चित्रासह सांगितले आहे. पाण्यात सोडायच्या दोन तारांचा उपाय स्वस्त आहे, पण तांब्याच्या तारांमधून सतत डीसी करंट गेला तर त्या झिजतात, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात त्यांच्यावर पांढरा थर चढतो. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचे दांडे वापरायचे आणि मोजण्यापुरताच क्षणभर करंट सोडायचा. कोरड्या चालण्यापासून मोटार वाचवायची असेल तर तिचा करंट मोजावा. पाणी संपले की मोटारीवरचा भार उतरतो आणि करंट घटतो. ही घट ओळखून मोटार बंद करता येते, त्यासाठी हौदात काहीही सोडावे लागत नाही.

दुसरा भाग उन्हाळ्याचा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी असते, म्हणून पाण्याचा कूलर इथे उत्तम चालतो. तोच कूलर जूनमध्ये पाऊस पडल्यावर खोली नुसती दमट करतो. हवेतली आर्द्रता मोजून कूलरचा पाण्याचा पंप केव्हा चालवायचा आणि नुसता पंखा केव्हा पुरे, हे यंत्राला ठरवता येते. कूलरच्या टाकीत पाणी नसेल तर पंप बंद ठेवणे हेही त्यातच येते.

तिसरा भाग गच्चीचा. वाळवणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर वर्षभराची बेगमी भिजते. पावसाचे पहिले थेंब ओळखणारी पट्टी आणि एक बझर, एवढ्यावर हे काम भागते. ही मांडणी पुस्तकातली सर्वांत स्वस्त आहे आणि नव्याने शिकणाऱ्याने हिच्यापासून सुरुवात करावी, कारण यात २३० व्होल्टचा संबंध कुठेच येत नाही.

चौथा भाग घरातल्या वृद्धांचा. रात्री उठल्यावर पलंगापासून संडासापर्यंत वाटेवर मंद दिवा आपोआप लागावा, ही त्यातली पहिली मांडणी. हालचाल ओळखणारा सेन्सर आणि कमी वॅटचा एलईडी एवढेच तिला लागते. ज्यांना मोबाइलवरचे संदेश वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी मेमरी कार्डावरचा आवाज वाजवणारे छोटे मॉड्यूल वापरले आहे. नातवाच्या किंवा सुनेच्या आवाजात, घरात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत, टाकी भरल्याचे किंवा नळ आल्याचे सांगणारे वाक्य त्यात भरून ठेवता येते.

या सगळ्या मांडण्यांत तीन नियम पाळले आहेत.

पहिला नियम: हाताचे बटण कायम राहील. यंत्र बिघडले, सेन्सर चुकला किंवा घरात नवखा पाहुणा आला, तरी भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागला पाहिजे आणि मोटार बंद झाली पाहिजे. इथे आपल्याकडच्या वायरिंगची मदत होते. आपल्या बोर्डांवर बहुधा प्लगही असतो, त्यामुळे बोर्डात न्यूट्रल तार मिळते आणि जुने बटण न काढता त्याच्या मागे छोटा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्याने चालणारा स्विच, बसवता येतो.

दुसरा नियम: इंटरनेट नसले तरी काम चालले पाहिजे. मोटार बंद करण्याचा निर्णय गच्ची आणि मोटार यांच्यातच व्हावा. तो हजारो किलोमीटर लांबच्या सर्व्हरवर अवलंबून राहू नये. हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेत इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद झाले, आणि तिची उपकरणे ज्यांनी घरभर लावली होती त्यांना ती मोबाइलवरून चालवता येईनात. म्हणून उपकरणांनी घरातल्या घरात बोलावे यासाठी ‘एमक्यूटीटी’ ही पद्धत वापरली आहे. १९९९ मध्ये ती तेलाच्या पाइपलाइनवर दुरून लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली होती. कमकुवत आणि तुटक जोडणीवरही निरोप पोचावा, हाच तिचा हेतू होता, आणि आपली परिस्थिती त्याहून फार वेगळी नाही. वीज गेल्यावर वेळ चुकू नये म्हणून बटणसेलवर चालणारे घड्याळ-मॉड्यूल प्रत्येक वेळापत्रकाला जोडले आहे.

तिसरा नियम: दुरुस्ती गावात झाली पाहिजे. प्रत्येक मांडणीत सहज मिळणारे भाग घेतले आहेत आणि बदलायला सोपे जावे म्हणून ते सॉकेटमध्ये बसवले आहेत. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटचे चित्र मराठीत चिकटवावे. कोणती तार कुठे जाते, फ्यूज किती अँपिअरचा आहे, प्रोग्रॅमची प्रत कुठे ठेवली आहे, हे त्यावर लिहावे. ज्याने पेटी बनवली तो नोकरीसाठी सुरतेला किंवा पुण्याला गेला, तरी मागे राहिलेल्यांना ती उघडता आली पाहिजे.

आता सुरक्षेविषयी. हा भाग वाचल्याशिवाय कोणीही हातात पक्कड घेऊ नये. वीज आणि पाणी एकत्र येतात तिथे चुकीची शिक्षा जिवावर बेतते. लोखंडी कूलरला हात लागून शॉक बसल्याच्या घटना उन्हाळ्यात घडतात. त्यामुळे घरात चांगले अर्थिंग आणि करंट गळताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय कूलर किंवा मोटार स्वयंचलित करू नये. बाजारातला फ्लोट स्विच अनेकदा थेट २३० व्होल्टवर टाकीत सोडला जातो. वायरचे आवरण चिरले तर तो करंट पाण्यात उतरतो. या पुस्तकात टाकीकडे जाणारी प्रत्येक तार पाच ते बारा व्होल्टचीच आहे, आणि मोटार त्या तारेने चालणाऱ्या रिले व मोठा करंट पेलणाऱ्या कॉन्टॅक्टरमार्फत चालते. छोट्या रिलेवर दहा अँपिअर लिहिलेले असले तरी त्यावर थेट मोटार लावू नये. सुरू होतानाच्या करंटने त्याचे पॉइंट चिकटतात, मग यंत्राने सांगूनही मोटार थांबत नाही. मुख्य बोर्डाशी संबंधित प्रत्येक जोडणी परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावी.

स्वयंपाकाच्या गॅसचा सेन्सर स्वतः बनवण्याची कृती मी दिलेली नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, ठिणगी उडवणारा रिले तिथेच असेल तर रक्षण करणारे यंत्रच धोका ठरते. त्यासाठी प्रमाणित उपकरण विकत घ्यावे, आणि वास आला तर कोणतेही बटण न दाबता दारे-खिडक्या उघडून, बाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकावर फोन करावा. स्वतःच्या हातांनी काय करावे हे शिकताना काय करू नये हेही शिकावे लागते.

हे काम कोणी करायचे? गावात त्यासाठी माणसे आहेत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करणारी मुले-मुली आहेत. मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्या कारागिरांना मोटारीच्या आवाजावरून दोष कळतो. त्यांना चिपची ओळख करून दिली तर पुस्तके वाचलेल्या इंजिनिअरपेक्षा ते लवकर पक्के काम करतील. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून देशभरातल्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या, सहावी ते बारावीच्या मुलांना त्यांत आर्दुइनो आणि सेन्सर हाताळायला मिळतात. त्या मुलांनी प्रदर्शनासाठी मॉडेल बनवण्याबरोबर आपल्या घरातली एक अडचण सोडवावी, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. आणि घरातली बाई ही या कामात फक्त वापरणारी नसावी. अडचण तिला सर्वांत नेमकी माहीत आहे. टाकी किती भरल्यावर मोटार बंद व्हावी, बझर किती मोठा वाजावा, रात्री कोणती सूचना नको, हे तिने ठरवावे. तिला विचारल्याशिवाय बसवलेले यंत्र दोन महिन्यांत बंद पडते, कारण ते तिच्या दिवसाशी जुळत नाही.

शेवटी पुस्तक कसे वापरावे याविषयी. पहिला आठवडा काहीही विकत घेऊ नये. एका वहीत घरातली राखण लिहून काढावी: कोण, केव्हा, कशासाठी थांबले, आणि चुकले तर काय नुकसान झाले. आठवड्याअखेर ज्या नोंदी वारंवार येतात, त्यांतली एकच निवडावी आणि तिचे प्रकरण उघडावे. तो उपाय एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा टिकला, की मग दुसऱ्याला हात घालावा. इथल्या सर्व मांडण्या कोणालाही उतरवून घ्यायला, बदलायला आणि विकायलाही मोकळ्या आहेत. ज्याला त्यात सुधारणा सुचेल, त्याने ती चित्रासह लिहून शेजारच्या गल्लीतल्या माणसाला द्यावी. खान्देशातल्या घरांना काय लागते याचे ज्ञान खान्देशातच तयार व्हावे आणि इथल्याच हातांत राहावे, हाच या पुस्तकामागचा हेतू आहे.